विज्ञानाचा तास गटात कसा घ्यायचा: तिसरी ते सातवीच्या नव्या शिक्षकांसाठी

साहित्य मुलांच्या हातात दिलं की विज्ञान आपोआप कळतं, ही समजूत आधी बाजूला ठेवा. चौघांच्या गटात एक मूल तार जोडतं, दुसरं ती ओढून घेतं, तिसरं खिडकीबाहेर बघतं आणि चौथं शेजारच्या गटाची वही उतरवतं. तास संपताना सगळे खूश असतात. पुढच्या आठवड्यात ‘बल्ब का पेटला?’ विचारलं की उत्तर येतं, ‘सेल लावला म्हणून.’ हात चालले, पण विचार झालाच नाही.

हे टाळायचं तर प्रयोगाला हात लावण्याआधी प्रत्येक मुलाने स्वतःचा अंदाज लिहिलेला हवा. काम असं बेतलेलं हवं की ते एकट्याला उरकता येणार नाही. आणि शेवटी गटातल्या कोणालाही उभं केलं तरी त्याला गटाचं म्हणणं कारणासकट सांगता आलं पाहिजे. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्याचसाठी आहेत.

डोळ्यांसमोर पुण्यातला नेहमीचा वर्ग आहे: ४० मुलं, ३५ मिनिटांची तासिका, जड बाक, वेगळी प्रयोगशाळा नाही. तिसरी ते पाचवीला बालभारतीचं ‘परिसर अभ्यास’ आणि सहावीपासून ‘सामान्य विज्ञान’ असेल, तरी पद्धत तीच.

१. परवानगी आणि वेळापत्रक

गटातला प्रयोग ३५ मिनिटांत बसत नाही. साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच दहा मिनिटं जातात, आणि मग गळते ती नेमकी चर्चा. म्हणून आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका मागून घ्या. मधल्या सुट्टीला लागून मिळाल्या तर उत्तम, कारण मांडामांड सुट्टीत होते.

तयार ठेवायचे कागद थोडेच आहेत:

- पाठाचं टाचण. त्यात अध्ययन निष्पत्ती (पाठानंतर मुलांना काय यायला हवं) आणि ‘गटकार्य’ स्पष्ट लिहा. वर्गात गलबला ऐकून कोणी डोकावलं, तर टाचण हाताशी असलेलं बरं.
- साहित्याची यादी आणि खर्चाची पावती, मुख्याध्यापकांच्या सहीसह.
- वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर नेणार असाल तर पालकांचं संमतीपत्र.
- तुम्ही शाळेचे कर्मचारी नसून स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण विभागाचं पत्रही लागेल का, हे त्यांनाच आधी विचारा.

२. साहित्य

तारा, सेल, टॉर्चचे बल्ब आणि चुंबक यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. बरण्या, डबे, गाळण्या बोहरी आळीत. कार्डशीट आणि जाड कागद अप्पा बळवंत चौकात. तुरटी कुठल्याही किराणा दुकानात मिळते. एकदाच जाऊन सगळं आणायचं असेल तर हे तिन्ही भाग चालत फिरण्याइतके जवळ आहेत.

पहिल्या पाठासाठी (१० गट आणि थोडं जादा):

- १.५ व्होल्टचे साधे पेन्सिल सेल, २४. अल्कलाइन घेऊ नका. चुकीच्या जोडणीत ते जास्त वीज सोडतात आणि तार फार तापते. साधा झिंक-कार्बन सेल इथे जास्त सुरक्षित.
- टॉर्चचा आट्यांचा बल्ब, २.५ व्होल्ट, २५. पुढे गटाला दोन-दोन लागतील.
- प्लास्टिक वेष्टनाची एकेरी तांब्याची तार, २० सेंटिमीटरचे ३५ तुकडे, दोन्ही टोकं २ सेंटिमीटर सोललेली.
- चिकटपट्टी, आणि प्रत्येक मुलाला अर्धा कोरा कागद.

दुकानात फिलामेंटच्या बल्बऐवजी एलईडी पुढे केला जाईल. तो घेऊ नका. एलईडी एका सेलवर पेटत नाही, उलटा लावला तर दोन सेलवरही पेटत नाही, आणि आत वीज कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसत नाही. फिलामेंटच्या बल्बची काच उजेडाकडे धरली की दोन दांड्या आणि त्यांच्यामधली बारीक तार, म्हणजेच फिलामेंट, स्पष्ट दिसते. या पाठाचा सगळा भर त्या दिसण्यावर आहे.

बहुपदरी तार टाळा. तिचे केस पसरतात आणि नको तिथे टेकतात. टोकं आदल्या दिवशी तुम्हीच सोलून ठेवा, नाहीतर मुलं दातांनी सोलायला घेतात. बल्बचा होल्डर या पाठात अजिबात देऊ नका. बल्बला कुठल्या दोन जागी स्पर्श व्हावा लागतो हेच मुलांनी शोधायचं आहे, आणि होल्डर तेच झाकून टाकतो.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल, मोबाइलची बॅटरी, पॉवर बँक यांतलं काहीही वर्गात नको. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, हे प्रत्येक वेळी सांगा. मुलं घरी जाऊन प्रयोग करून बघतातच.

३. गट पाडणं

चौघांचा गट. पाचवं मूल प्रेक्षक होतं. पट ४२ असेल तर चौघांचे नऊ आणि तिघांचे दोन गट करा. बाक हलत नसतील तर पुढच्या बाकावरच्यांनी मागे वळून बसायचं; दोन बाकांचा एक गट झाला.

मैत्रीवर गट सोडू नका आणि गुणांच्या उतरत्या क्रमानेही पाडू नका. वाचनात पुढे असलेलं एक, अडखळणारं एक आणि मधली दोन असं बेता. अगदी अबोल मुलाला तीन बोलक्यांत एकटं टाकू नका. तीन मुलगे आणि एक मुलगी असा गट झाला की लिहिण्याचं काम मुलीकडे आणि जोडण्याचं मुलग्यांकडे जातं, दोन-दोन ठेवा.

पुण्यातल्या बऱ्याच वर्गांत घरी हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा बंजारा बोलणारी मुलं असतात. अशा मुलाशेजारी दोन्ही भाषा समजणारं मूल बसवा. गटात कुठल्याही भाषेत बोलू द्या, नोंद मराठीत करू द्या. ‘मराठीतच बोला’ म्हटलं की ते मूल गप्प होतं, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळत नाही.

गट साधारण महिनाभर तेच ठेवा. दर तासाला बदलले तर मुलांना एकमेकांबरोबर काम करायची सवयच लागत नाही.

प्रत्येकाला १ ते ४ असा कायमचा क्रमांक आणि दर पाठाला बदलणारी भूमिका द्या:

- साहित्यप्रमुख: सामान आणणं, मोजून परत देणं. जागेवरून उठायची परवानगी फक्त याला.
- जोडणारा: हात फक्त याचे, सूचना बाकीच्यांच्या.
- नोंद ठेवणारा: चित्र आणि निकाल लिहिणं.
- ‘कशावरून?’ विचारणारा: गटाने काहीही ठरवलं की हा एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर पटल्याशिवाय नोंद होऊ द्यायची नाही.

चौथी भूमिका बहुतेक ठिकाणी ‘वेळ पाहणारा’ अशी देतात. त्यापेक्षा ही फार उपयोगी आहे, कारण गटातलं बोलणं ‘हे कर, ते कर’ यावरून ‘असं का?’ यावर येतं. भूमिका कार्डावर लिहून गळ्यात अडकवा, म्हणजे कोणाचं काय काम हे लांबूनही दिसतं. आणि सुंदर अक्षर म्हणून एकाच मुलीला वर्षभर नोंदी लिहायला लावू नका.

शांततेची खूण पहिल्याच दिवशी ठरवा: तुमचा हात वर गेला की सगळ्यांचे हात वर आणि तोंडं बंद. दहा गटांच्या आवाजावर आवाज चढवून काही होत नाही.

४. पहिला पाठ: एक सेल, एक बल्ब, एक तार

दोन तासिकांची ७० मिनिटं अशी वाटा.

पहिली ८ मिनिटं: एकट्याने अंदाज. साहित्य अजून तुमच्याच टेबलावर. फळ्यावर चार चित्रं काढा:

- अ: बल्बचं खालचं टोक सेलच्या वरच्या बटणावर टेकलेलं, तार नाही.
- आ: बल्बचं टोक बटणावर, तार सेलच्या तळापासून बल्बच्या आट्यांच्या धातूपर्यंत.
- इ: बल्बचं टोक बटणावर, तार तळापासून त्याच टोकापर्यंत.
- ई: बल्ब आडवा, आट्यांचा धातू बटणावर, तार तळापासून बल्बच्या टोकापर्यंत.

कोणते पेटतील आणि का, हे प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहायचं. पेन्सिल नको, पेन. खोडायची सोय असली की निकालानंतर अंदाज बदलले जातात. चूक अंदाजाला गुण कापणार नाही, हे आधी सांगा आणि पाळा.

पुढची ५ मिनिटं: जोडीने. शेजाऱ्याला फक्त आपलं कारण सांगायचं. एकमत व्हायची गरज नाही.

२० मिनिटं: गटात करून बघणं. एका गटाला एक सेल, एक बल्ब, एक तार, एवढंच. चार-चार संच दिले की चार मुलं चार कोपऱ्यांत एकटी खेळतात. साहित्य मुद्दाम कमी ठेवलं की बोलावंच लागतं.

‘आ’ आणि ‘ई’ पेटतात. ‘अ’ पेटत नाही, आणि ‘इ’ करताना तार गरम होते, कारण वीज बल्बच्या आत न जाता बाहेरूनच सेलच्या दुसऱ्या टोकाला पोचते. सूचना आधीच द्या: तार गरम लागली की लगेच सोडायची. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरलं तर सेलही लवकर उतरतो. एका सेलवर २.५ व्होल्टचा बल्ब मंदच पेटतो, म्हणून खिडकीची बाजू टाळा, नाहीतर पेटलेला असूनही दिसत नाही.

या वेळात तुमचं काम फिरणं आणि उत्तर न देणं. ‘बाई, आमचा पेटत नाही’ असं आलं की तार हातात घेऊन जोडून देण्याचा मोह होतोच. त्याऐवजी विचारा: ‘सेलची किती टोकं वापरलीत? बल्बला धातूचा स्पर्श कुठे कुठे झालाय, बोट ठेवून दाखवा.’ दहातल्या सात-आठ गटांचा प्रश्न एवढ्यावर सुटतो. उरलेल्यांचं साहित्य तपासा: फिलामेंट तुटलंय का, तारेचं टोक पुरतं सोललंय का. तपासलेला एक बल्ब खिशात ठेवा आणि बदलून बघा.

१५ मिनिटं: चित्र आणि स्पष्टीकरण. बल्बच्या आतला मार्ग रेघेने दाखवायचा. एक दांडी खालच्या टोकाला जोडलेली असते, दुसरी आट्यांच्या धातूला, आणि टोक व आटे यांच्या मध्ये वीज जाऊ न देणारं काळं रोधक असतं. काचेतून दोन्ही दांड्या खाली जाताना दिसतात. त्या पुढे कुठे पोचतात हे मुलांनी चार चित्रांच्या निकालांवरून ताडायचं. इथे घाई करू नका. अर्ध्या मुलांचं चित्र आधी बल्बच्या बुडाशीच थांबतं.

१२ मिनिटं: सगळा वर्ग मिळून. ४ पैकी एका क्रमांकाची चिठ्ठी काढा, समजा ३. प्रत्येक गटातलं ३ नंबरचं मूल उभं राहील आणि गटाचं म्हणणं सांगेल. कोणाची पाळी येईल हे आधी माहीत नसतं, म्हणून गटातली हुशार मुलं बाकीच्यांना समजावून ठेवतात. गटप्रमुखालाच बोलू दिलं तर ही गरजच उरत नाही.

५ मिनिटं साहित्य मोजून परत. शेवटची ५ मिनिटं चिठ्ठी: ‘ज्याने आजचा तास बुडवला त्याला, एकच तार असताना बल्ब कसा पेटवायचा ते दोन ओळींत आणि एका चित्रात सांगा.’

५. चर्चेत काय ऐकायचं

मुलांच्या बोलण्यात तीन कल्पना जवळजवळ हमखास येतात. एका बाजूने वीज आली की पुरे. सेलच्या दोन्ही टोकांतून वीज निघते आणि बल्बमध्ये आपटून उजेड पडतो. आणि बल्ब वीज खातो, म्हणून परत जाताना ती कमी असते.

पहिली कल्पना ‘अ’ चित्राने सुटते. तिसरी एका बल्बने सुटणार नाही, आणि ‘तसं नसतं’ असं सांगूनही सुटणार नाही. तिच्यासाठी पुढच्या तासाला दोन सेल एकामागे एक आणि दोन बल्ब एकाच वाटेवर लावा. आधी अंदाज लिहून घ्या: पहिला बल्ब वीज खात असेल तर दुसरा कसा दिसायला हवा? दोन्ही सारखेच पेटतात. बाजारातले दोन बल्ब अगदी एकसारखे नसतात, त्यामुळे एखाद्या गटात एक जरा मंद दिसेल आणि मुलं ‘बघा, खाल्ली!’ म्हणतील. मग दोन्ही बल्बच्या जागा बदलायला सांगा. मंदपणा त्या बल्बबरोबर दुसऱ्या जागी गेला तर फरक बल्बचा, जागेचा नव्हे. हे मुलांनी स्वतः करून पाहणं अख्ख्या प्रकरणाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा मोलाचं आहे.

मधल्या, आपटण्याच्या कल्पनेवर प्राथमिकच्या साहित्यात निर्णायक प्रयोग करणं अवघड जातं. ती फळ्याच्या कोपऱ्यात ‘अजून ठरलेलं नाही’ म्हणून लिहून ठेवा.

६. दुसरा पाठ: गढूळ पाणी आणि जिगसॉ

वाचनाचा भाग जास्त असतो तिथे जिगसॉ पद्धत घ्या. एलियट अॅरनसन यांनी ती १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती तेव्हा वापरली. एकाच माहितीचे तुकडे गटात वाटायचे. प्रत्येकाकडे एक, त्यामुळे प्रत्येकाची गरज सगळ्यांना.

विषय आपल्या नळाचा घ्या. खडकवासल्याचं पाणी पर्वतीसारख्या जलकेंद्रात शुद्ध होऊन घरी येतं. चार चिठ्ठ्या: तुरटी घालणं, निवळणं, वाळूतून गाळणं, क्लोरीन. क्रमांक १ ला पहिली, २ ला दुसरी, असं. एका चिठ्ठीची दहा मुलं होतात. त्यांचा एकच गट करू नका, ३-३-४ असे तीन करा. पंधरा मिनिटं वाचून, एकमेकांना सांगून मग मूळ गटात परत. अडखळत वाचणाऱ्याला सर्वांत छोटी चिठ्ठी द्या, पण बिनमहत्त्वाची नको.

परत आल्यावरचा प्रश्न चारही तुकड्यांशिवाय सुटता कामा नये. उदाहरणार्थ: ‘केंद्रातली तुरटी संपली तर वाळूच्या थराचं काय होईल? आणि पाणी नितळ दिसतंय, मग क्लोरीन कशाला?’

सोबत प्रत्येक गटाला एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आणि दोन्हींत एक-एक चमचा काळी माती. एकीत तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा, मग अगदी हळू ढवळा. दुसरी तशीच ठेवा. वीस-तीस मिनिटांत फरक दिसतो. दोन चुका नेहमी होतात. काळ्या मातीऐवजी वाळूमिश्रित माती घेतली तर ती तुरटीशिवायच तळाशी बसते आणि दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात. जोरात ढवळलं तर जमलेले पुंजके फुटतात. वाळूची गाळणी करणार असाल तर वाळू धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर गाळलेलं पाणी आधीपेक्षा गढूळ निघतं. पाणी कितीही नितळ झालं तरी कोणीही पिणार नाही, हे सुरुवातीलाच सांगा.

७. आकडा पुस्तकाप्रमाणे आला नाही तर

मुलं आकडे ‘दुरुस्त’ करतात, आणि बऱ्याचदा शिक्षकच तसं सुचवतात. पुण्यात याची दोन चांगली उदाहरणं हाताशी आहेत.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. हा प्रयोग फक्त शिक्षकांनी करून दाखवायचा. थर्मामीटर खराब आहे असं ठरवून वहीत १०० लिहू नका. ‘आपल्याकडे १०० का आलं नाही?’ हाच प्रश्न गटांना द्या.

दुसरं सावलीचं. मैदानात ३० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत छोटी सावली बारा वाजता पडत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.१८ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४९ च्या आसपास येते. म्हणून बाराला प्रयोग आवरू नका, एकपर्यंत चालू ठेवा. घड्याळ भारताच्या प्रमाण रेखांशावर, ८२.५ अंशांवर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला आहे; सहावी-सातवीच्या मुलांना भूगोलाशी हा धागा जोडता येतो. सावली अजिबात न पडण्याचे दिवस पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला येतात. एकदा शाळा बंद, एकदा आभाळ भरलेलं, त्यामुळे त्यावर पाठ बेतू नका.

८. नोंदी आणि गुण

गटाला मिळून एकच गुण देऊ नका. काम करणाऱ्यावर अन्याय होतो आणि न करणाऱ्याचं फावतं. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत हे काम सहज बसतं: जोडणी आणि निरीक्षण ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’मध्ये, चिठ्ठी काढून विचारलेलं उत्तर ‘तोंडी काम’मध्ये, बाकीचं ‘दैनंदिन निरीक्षणा’त. एका तासात सगळ्या ४० मुलांचं निरीक्षण जमत नाही. दर वेळी दोन गट ठरवून पाहा.

शेवटच्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: कारणासकट बरोबर, कृती बरोबर पण कारण नाही, चुकीचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. मधला ढीग मोठा असेल तर पुढचा तास नव्या प्रयोगाचा नको, चर्चेचा ठेवा.

९. मदत आणि साठवण

स्वस्त साहित्याच्या कल्पनांसाठी आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतलं विज्ञान उपक्रम केंद्र पाहून या. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची माहिती आणि पुस्तकं मोफत आहेत, मराठीतही. वर्ग घेऊन कुठेही जाण्याआधी वेळ ठरवून घ्या, आणि जाताना प्रत्येक गटाला शोधून आणायचा एक प्रश्न द्या.

सेल आणि उघड्या टोकांच्या तारा एका डब्यात ठेवू नका. तार दोन टोकांना टेकली की डबा तापतो. सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा. बल्ब अंड्यांच्या ट्रेमध्ये नीट राहतात. झाकणावर आतल्या वस्तूंची संख्या लिहा आणि मोजणीचं काम त्या दिवशीच्या साहित्यप्रमुखांकडे द्या. पावसाळ्यात तारांची टोकं काळी पडतात. जून-जुलैचा पहिला पाठ घेण्याआधी ती सँडपेपरने घासून घ्या.